निष्ठेची शपथ आणि राज्याचा कौल

यादवी युद्ध संपल्यावर विजयी सत्ता पराभूत प्रदेशातील सामान्य नागरिकाकडून एकनिष्ठतेची शपथ मागते. अमेरिकेने १८६२ ते १८७२ या काळात हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला. त्या शपथेने काय साधले, काय साधले नाही आणि तिची किंमत कोणी चुकती केली, याचा हा आढावा.

सीरियात ८ डिसेंबर २०२४ रोजी बशर अल असद यांची राजवट कोसळली आणि त्यानंतर काही दिवसांतच दमास्कस, लताकिया व अन्य शहरांतील सरकारी केंद्रांपुढे रांगा लागल्या. जुन्या सैन्यातील सैनिक व पोलीस शस्त्र आणि ओळखपत्र जमा करीत होते आणि त्या बदल्यात एक तात्पुरते कार्ड घेऊन घरी परतत होते. ही पद्धत त्या देशाला नवी नव्हती. २०१८ मध्ये दारा प्रांत पुन्हा ताब्यात घेतल्यावर असद यांच्याच अधिकाऱ्यांनी बंडखोरांकडून व सामान्य रहिवाशांकडून अशीच ‘समझोत्या’ची पत्रे लिहून घेतली होती. ज्यांनी ती लिहून दिली त्यांतील अनेकांना पुढे अटक वा सक्तीची लष्करभरती चुकली नाही. नव्या राजवटीतील कार्डांचाही अनुभव फार निराळा आला नाही. मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर असदसमर्थकांच्या हल्ल्यांनंतर जो हिंसाचार उसळला त्यात, संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानुसार, सुमारे १,४०० माणसे मारली गेली. त्यांतील बहुसंख्य अलावी पंथाचे नागरिक होते.

यादवीनंतर शत्रूपक्षातील माणसाकडून ‘यापुढे मी तुमचा’ असे वदवून घेण्याला नेमका काय अर्थ असतो, हा प्रश्न म्हणूनच आजचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेच्या यादवी युद्धाइतके तपशीलवार उदाहरण दुसरे मिळणार नाही. कारण तेथे शपथ घेणारे लाखांत होते, त्यांचे कागद जपले गेले आणि शपथेच्या वैधतेचा निवाडा थेट सर्वोच्च न्यायालयात झाला.

मागे पाहणारी आणि पुढे पाहणारी शपथ

अमेरिकेत तेव्हा दोन भिन्न प्रकारच्या शपथा प्रचलित होत्या आणि पुढचा सारा वाद या भेदातून निर्माण झाला. पहिली शपथ काँग्रेसने २ जुलै १८६२ च्या कायद्याने संघराज्याच्या सेवकांसाठी ठरवली. ‘मी आजवर कधीही स्वेच्छेने संघराज्याविरुद्ध शस्त्र धरलेले नाही, बंडखोरांना मदत केलेली नाही’ असे तीत सांगावे लागे. लोकांनी तिला ‘पोलादी शपथ’ असे नाव दिले. ती भूतकाळाची झडती घेणारी होती. ज्याने एकदा पलीकडच्या बाजूला पाऊल टाकले, त्याला ती प्रामाणिकपणे घेताच येत नसे.

दुसरी शपथ अब्राहम लिंकन यांची. ८ डिसेंबर १८६३ च्या जाहीरनाम्यात त्यांनी दक्षिणेतील सामान्य माणसाला सांगितले की, यापुढे राज्यघटनेशी व संघराज्याशी एकनिष्ठ राहण्याची आणि गुलाममुक्तीसंबंधीचे कायदे व जाहीरनामे पाळण्याची शपथ घ्या. गुलामांवरील मालकी वगळता तुमची मालमत्ता व तुमचे हक्क परत मिळतील. कॉन्फेडरेट सरकारातील मुलकी अधिकारी, कर्नलपेक्षा वरच्या हुद्द्याचे सेनाधिकारी, संघराज्याच्या काँग्रेसमधील वा न्यायासनावरील जागा सोडून बंडात गेलेले लोक आणि कृष्णवर्णीय युद्धकैद्यांना अवैध वागणूक देणारे मात्र या माफीतून वगळले होते. १८६० च्या निवडणुकीत जितके मतदान झाले त्याच्या एकदशांश इतक्या मतदारांनी ही शपथ घेतली, तर त्या राज्यात नवे सरकार स्थापन करण्यास मुभा होती. माणसाकडून ‘मी चुकलोच नाही’ असे शपथेवर वदवून घेणे लिंकन यांना तत्त्वतः अमान्य होते. यापुढे तो चुकणार नाही एवढे पुरेसे आहे, असे त्यांनी फेब्रुवारी १८६४ मध्ये आपल्या युद्धमंत्र्यांना कळवले होते.

काँग्रेसमधील जहाल रिपब्लिकनांना हे औदार्य धोक्याचे वाटले. जुलै १८६४ मध्ये संमत झालेल्या वेड-डेव्हिस विधेयकात एकदशांशाऐवजी बहुमताची अट घालण्यात आली आणि नवी राज्यघटना बनवणाऱ्यांच्या निवडीत केवळ पोलादी शपथ घेऊ शकणाऱ्यांनाच स्थान ठेवले गेले. लिंकन यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. पुढे पाहणारी शपथ कोणीही घेऊ शकतो, म्हणूनच ती खोटेपणाने घेणेही सोपे असते. मागे पाहणारी शपथ कसोटीला कठोर खरी, पण तिच्या बळावर राज्य चालवायचे म्हटले तर लोकच उरत नाहीत.

शपथ की शिधापत्रिका?

जाहीरनाम्यातील भाषा उदात्त असली तरी गावपातळीवर शपथ हा रोजच्या व्यवहाराचा कागद होता. न्यू ऑर्लीन्स शहर १८६२ मध्ये संघराज्याच्या ताब्यात आले, तेव्हा जनरल बेंजामिन बटलर यांनी निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांना ‘शत्रू’ म्हणून स्वतःची नोंद करण्याचा हुकूम सोडला. अशा नोंदीचा अर्थ मालमत्तेच्या जप्तीची टांगती तलवार असा होता. सुमारे ६० हजार लोकांनी तेथे शपथ घेतली. त्यांतील किती जणांचे हृदयपरिवर्तन झाले होते आणि किती जणांना आपले घर वाचवायचे होते, हे विचारण्याची गरज बटलर यांनाही वाटली नसावी.

अन्यत्रही हाच क्रम दिसतो. माणूस लष्करी अंमलदाराच्या कचेरीत जाई, शपथ घेई आणि त्याला एक छापील प्रमाणपत्र मिळे. त्यावर अनेकदा त्याची उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग नोंदलेला असे, म्हणजे तो कागद दुसऱ्याला वापरता येऊ नये. व्यापाराचा परवाना, प्रवासाचा पास, वकिली वा नोकरी यांचे दार या कागदाने उघडे. एप्रिल १८६५ च्या अखेरीस रिचमंड येथील लष्करी आदेशाने तर विवाहाच्या परवान्यासाठीही वधूवरांना शपथ आवश्यक केली. लष्कराच्या छावणीतील युद्धकैद्यांनाही शपथेचा मार्ग खुला होता. तो पत्करून सुमारे सहा हजार कॉन्फेडरेट कैदी संघराज्याच्या पलटणींत दाखल झाले आणि त्यांतील बहुतेकांना पश्चिम सरहद्दीवर पाठवण्यात आले.

या पद्धतीला केवळ ढोंग म्हणणे योग्य होणार नाही. पराभूत प्रदेशातील प्रशासनाला कोणाला पास द्यावा आणि कोणाला नाही, हे ठरवण्यासाठी काही एक खूण हवी असते. शपथ ही खूण पुरवत होती. मात्र पोटासाठी घेतलेली शपथ निष्ठेचा पुरावा म्हणून वापरली जाऊ लागली की घोटाळ्याला आरंभ होतो.

जॉन्सन यांची माफी आणि जमिनीचा प्रश्न

लिंकन यांच्या हत्येनंतर सत्तेवर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी २९ मे १८६५ रोजी नवा जाहीरनामा काढला. शपथ जवळपास तीच राहिली. वगळलेल्या वर्गांची संख्या मात्र चौदा झाली. त्यात २० हजार डॉलरांहून अधिक करपात्र मालमत्ता असलेल्या बंडसमर्थकांचाही समावेश होता. अशा माणसाने राष्ट्राध्यक्षांकडे व्यक्तिशः अर्ज करावा, अशी योजना होती. गरीब घरातून वर आलेल्या जॉन्सन यांना जमीनदार वर्ग आपल्या दारी यावा असे वाटत होते, हे उघड आहे. तो आलाही, आणि जॉन्सन यांनी त्याला रिकाम्या हाती पाठवले नाही. दोन-अडीच वर्षांत सुमारे १३ हजार ५०० विशेष माफ्या दिल्या गेल्या.

या माफीची किंमत मात्र सरकारने दिली नाही. ती दिली तिसऱ्याच माणसाने. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया व फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील बेवारस मळे मुक्त झालेल्या गुलामांसाठी राखून ठेवले होते. कुटुंबामागे जास्तीत जास्त ४० एकर याप्रमाणे जून महिन्यापर्यंत सुमारे ४० हजार माणसे चार लाख एकर जमिनीवर वसली. त्यांनी पेरणी केली, शाळा काढल्या. तेवढ्यात जुने मालक शपथपत्र आणि माफीनामा घेऊन हजर झाले. माफीबरोबर मालमत्ता परत देण्याचे अभिवचन असल्याने जमीन त्यांचीच ठरली. मुक्त गुलामांसाठी नेमलेल्या खात्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांनी जुलैमध्ये जमीन राखण्याचे परिपत्रक काढले होते. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेने ते फिरवावे लागले.

ऑक्टोबर १८६५ मध्ये हॉवर्ड स्वतः दक्षिण कॅरोलिनातील एडिस्टो बेटावर गेले आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांना त्यांनी हा निर्णय सांगितला. जुन्या मालकांना क्षमा करा, त्यांच्याशी मजुरीचे करार करा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर बेटावरील लोकांच्या समितीने जे लेखी उत्तर दिले ते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मर्मभेदी कागदांपैकी एक आहे. ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला व बहिणीला फटकावले, त्याला क्षमा करण्यास तुम्ही सांगता; आणि तोच माणूस आज जमीन माझ्यापासून दूर ठेवण्याचा कट करीत असता मी त्याला क्षमा कशी करू, असा त्या उत्तराचा आशय होता. आम्ही नेहमीच या सरकारशी एकनिष्ठ राहिलो, याचीही आठवण त्यांनी करून दिली.

येथे शपथेच्या राजकारणातील मूळ विसंगती उघडी पडते. जे बंडात होते त्यांनी एक वाक्य उच्चारले आणि त्यांना जमीन मिळाली. जे कधी बंडात नव्हतेच, त्यांच्याकडून कोणी शपथ मागितली नाही. त्यांच्यापुढे मजुरीचा करार ठेवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिसिसिपीच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यांनी कृष्णवर्णीयांना गावाबाहेर जमीन खंडाने घेण्यास बंदी केली आणि दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा बाळगण्याची सक्ती केली. हे कायदे ज्या व्यवस्थेतून आले ती जॉन्सन यांच्या शपथ-माफीच्या पायावरच उभी होती. गुलाममुक्तीचे कायदे पाळण्याची शपथ अक्षरशः पाळली गेली आणि तिचा आत्मा बाजूला ठेवला गेला.

न्यायालयाचा कौल

कडक शपथेचा मार्ग तरी योग्य होता काय? मिसुरी राज्याने तो चोखाळून पाहिला. हे सीमेवरचे राज्य संघराज्यातच राहिले होते. परंतु गावागावांत टोळीयुद्ध माजले होते. १८६५ च्या राज्यघटनेत मतदार, अधिकारी, ज्युरी, वकील, शिक्षक आणि धर्मोपदेशक अशा सर्वांवर शपथ लादण्यात आली. तीत प्रत्यक्ष कृतीच नव्हे, तर बंडखोरांविषयी सहानुभूती व्यक्त केली नसल्याचेही सांगावे लागे. न्यायालयाच्या शब्दांत या एका शपथेत तीसहून अधिक निरनिराळी प्रतिपादने होती. जॉन कमिंग्ज नावाच्या एका कॅथलिक धर्मगुरूने शपथ न घेता प्रवचन दिले. त्याला ५०० डॉलर दंड आणि तो भरेपर्यंत कैद अशी शिक्षा झाली.

१४ जानेवारी १८६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने ही शपथ घटनाबाह्य ठरवली. त्याच दिवशी आर्कान्सासचे वकील ऑगस्टस गारलंड यांच्या प्रकरणात केंद्रीय न्यायालयांतील वकिलांवर १८६५ मध्ये लादलेली पोलादी शपथही रद्द झाली. न्या. स्टीफन फील्ड यांचा युक्तिवाद आजही मननीय आहे. शपथेच्या रूपाने का होईना, खटल्याविना एखाद्याचा व्यवसाय हिरावून घेणे ही शिक्षाच आहे. शिवाय कृत्य घडले तेव्हा जी शिक्षा नव्हती ती नंतर लावता येत नाही. दुसरी बाजूही दुर्बल नव्हती. भिन्नमत नोंदवणाऱ्या न्या. सॅम्युएल मिलर यांच्या मते सार्वजनिक विश्वासाच्या पदासाठी पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्याला आहेच. हेच गारलंड पुढे १८८५ मध्ये संघराज्याचे महान्यायवादी झाले.

काँग्रेसने त्यानंतर शोधलेला मार्ग अधिक नेमका होता. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने सामान्य माणसाला वगळले आणि ज्यांनी पूर्वी अधिकारपदावरून राज्यघटनेची शपथ घेतली होती व नंतर बंडात भाग घेतला, त्यांनाच पदास अपात्र ठरवले. विचार स्वच्छ होता. शेतकरी वा दुकानदार यांचा दोष वेगळा आणि हात वर करून दिलेला शब्द मोडणाऱ्या न्यायाधीशाचा वेगळा. तथापि १८७२ मध्ये काँग्रेसने काही शेकडा प्रमुख व्यक्ती वगळता बाकीच्यांची ही अपात्रता काढून टाकली. या कलमाची धूळ दीडशे वर्षांनी झटकली गेली. ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल हल्ल्यावरून कोलोरॅडोच्या न्यायालयाने डोनाल्ड ट्रम्प यांना अपात्र ठरवले; मात्र केंद्रीय पदाच्या उमेदवाराविरुद्ध हे कलम राज्यांना वापरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२४ रोजी दिला.

निष्ठा कशी मोजावी?

जनरल रॉबर्ट ली यांचे प्रकरण प्रसिद्ध आहे. त्यांनी जून १८६५ मध्ये माफीचा अर्ज केला आणि २ ऑक्टोबरला लेक्झिंग्टन येथे शपथपत्रावर सही केली. तो कागद सरकारी दप्तरात गडप झाला. १९७० मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात तो सापडला आणि १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांचे नागरिकत्व मरणोत्तर बहाल करणाऱ्या ठरावावर स्वाक्षरी केली. या कथेला आज भावनिक रंग दिला जातो. परंतु एडिस्टोच्या शेतकऱ्यांना त्यांची जमीन मरणोत्तरही मिळाली नाही, हे त्या रंगात दिसत नाही.

निष्ठा मोजण्याचा अधिक प्रामाणिक प्रयत्न फारसा कोणाला ठाऊक नाही. संघराज्याच्या सैन्याने दक्षिणेतील निष्ठावान नागरिकांकडून घेतलेले धान्य, घोडे, लाकूडफाटा यांची भरपाई करण्यासाठी काँग्रेसने १८७१ मध्ये एक आयोग नेमला. त्याच्याकडे २२ हजारांहून अधिक दावे आले. येथे केवळ शपथ पुरेशी नव्हती. युद्धात तुम्ही कोणाच्या बाजूने बोललात, मुलगा कोणत्या सैन्यात होता, शेजाऱ्यांचे तुमच्याविषयी मत काय, असे डझनावारी प्रश्न विचारले जात आणि साक्षीदार तपासले जात. पूर्वाश्रमीचे गुलाम या आयोगापुढे साक्षीदार म्हणून आले, तसेच दावेदार म्हणूनही आले. सुमारे एकतृतीयांश दावेच मान्य झाले. कृतीच्या कसोटीवर निष्ठा घासून पाहिली की तिचे प्रमाण किती उतरते, याचा हा एक अंदाज मानता येईल.

जवळची उदाहरणे

अन्य देशांचा अनुभव याला पूरक आहे. आयर्लंडमध्ये १९२२-२३ च्या यादवीच्या मुळाशीच ब्रिटिश राजाशी संबंधित शपथ होती. १९२७ मध्ये इमन डी व्हॅलेरा यांनी ‘ही शपथ नव्हे, केवळ औपचारिकता’ अशी भूमिका घेत वहीत सही केली व संसदेत प्रवेश केला. सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी ती शपथच रद्द केली. राज्याने या पळवाटेकडे डोळेझाक केली आणि पराभूत पक्ष बंदूक सोडून मतपेटीकडे वळला.

श्रीलंकेत याच्या नेमके उलट घडले. जुलै १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर पुढच्याच महिन्यात सहावी घटनादुरुस्ती झाली आणि लोकप्रतिनिधी, सरकारी अधिकारी, वकील यांना वेगळ्या राज्याचा पुरस्कार न करण्याची शपथ सक्तीची झाली. तमिळ युनायटेड लिबरेशन फ्रंटच्या खासदारांनी ती नाकारली आणि त्यांची आसने गेली. सनदशीर तमिळ राजकारणाची जागा रिकामी झाली; ती कोणी भरली हे २००९ पर्यंत चाललेल्या युद्धाने दाखवले. भारताने १९६३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाच्या सार्वभौमत्वाची व अखंडतेची शपथ आणली, तीही उमेदवार व पदाधिकाऱ्यांपुरती. द्रविड मुन्नेत्र कळघमने त्याच सुमारास स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी सोडली आणि चार वर्षांत तो पक्ष मद्रास राज्यात मतपेटीतून सत्तेवर आला. येथे शपथेपलीकडे सत्तेचा दरवाजा खरोखर उघडा होता, हा फरक महत्त्वाचा.

या साऱ्यातून काही निष्कर्ष निघतात. सामान्य नागरिकाकडून घेतलेली शपथ भविष्यापुरती असावी. भूतकाळातील गुन्ह्यांचा निवाडा शपथेने नव्हे, खटल्याने व्हावा. शपथ घेणाऱ्याला जे परत मिळणार ते तिसऱ्याच्या ताटातून काढून दिलेले नसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शपथ एकतर्फी असू नये. मराठी राज्यकारभारात लढाई वा दुष्काळाने परागंदा झालेल्या रयतेला परत गावी येण्यासाठी सरकार कौल देत असे. तुम्ही या, जमीन कसा, तुम्हास उपद्रव होणार नाही, असे त्या कौलनाम्यात राज्याचे अभयवचन असे. तेथे शब्द आधी सत्तेने द्यावयाचा असे.

अमेरिकेने दक्षिणेतील गोऱ्या माणसाकडून शपथ घेतली आणि त्याला कौलही दिला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाला दिलेला कौल मात्र तिने सहा-आठ महिन्यांत मोडला आणि १८७७ पर्यंत सैन्य मागे घेऊन तो पुरता गुंडाळला. त्याची भरपाई करण्यास पुढे जवळजवळ शतक लागले. दमास्कसमधील नव्या राज्यकर्त्यांनी जमा केलेली शस्त्रे आणि वाटलेली कार्डे मोजणे सोपे आहे. त्या कार्डाच्या धारकाला आणि त्या धारकाच्या जुन्या बळीला, अशा दोघांनाही एकाच न्यायालयात दाद मागता येते काय, यावरूनच तेथील यादवी खरोखर संपली की नाही हे ठरेल.